मला बी फ्लाइटमध्ये का टाकलंत? – गोल्फ स्पर्धेतल्या गटांचा हिशेब, सोप्या मराठीत



आपल्या मंडळाच्या मदतनिधी गोल्फ स्पर्धेचे फॉर्म यायला लागले की आम्हा समितीवाल्यांचे फोन सुरू होतात. प्रश्न साधारण ठरलेले. "मला बी फ्लाइटमध्ये का टाकलंत?" "त्यांना चौतीस फटक्यांची सूट आणि मला फक्त सहा? हा कुठला न्याय?" आणि तिसरा, जरा हळू आवाजात विचारलेला, "अहो, मी आत्ताच शिकतेय. मी येऊन काय करू? फी भरून हरायचंच ना?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं हिशेबाची आहेत, ती पुढे देतोच. पण आम्हाला काळजी वाटते ती तिसऱ्या प्रश्नाची. मदतनिधीची स्पर्धा चार पट्टीच्या खेळाडूंवर चालत नाही. मैदानाचं भाडं, गाड्या, जेवण हा सगळा खर्च वजा जाऊन जे उरतं ते गावाकडच्या मुलींच्या शिक्षणासाठी जातं, आणि काही उरायचं तर मैदान भरलेलं लागतं. ढाली दरवर्षी त्याच तिघांच्या घरी जायला लागल्या तर बाकीचे एकदा येतील, दोनदा येतील, तिसऱ्या वर्षी "चेक पाठवतो, यायला जमणार नाही" म्हणतील आणि चौथ्या वर्षी चेकही राहून जाईल. त्यामुळे खेळाडूंचे गट नीट पाडणं हा आमच्या दृष्टीने निधी जमवण्याच्या कामाचाच एक भाग आहे.

ज्यांना गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही त्यांनीही हे वाचायला हरकत नाही. एवढंच लक्षात ठेवा: अठरा होल असतात, प्रत्येक होल चांगल्या खेळाडूने किती फटक्यांत पुरा करावा याचा आकडा ठरलेला असतो, त्याला 'पार' म्हणतात. पूर्ण मैदानाची बेरीज बहुतेक ठिकाणी ७० ते ७२ येते. आणि ज्याचे फटके कमी, तो पुढे.

लिंबूटिंबू आणि हँडिकॅप

लहानपणी वाड्यात किंवा चाळीत पकडापकडी खेळताना एखादं शेंबडं पोर हट्टाने खेळायला यायचं. त्याला आपण 'लिंबूटिंबू' करायचो. तो पकडला गेला तरी त्याच्यावर राज्य येत नसे. सगळ्यांबरोबर पळायला मिळे, पण खेळात त्याची मोजदाद नसे. बऱ्याच जणांना वाटतं की हँडिकॅप म्हणजे गोल्फमधलं लिंबूटिंबू. तसं नाहीये. हँडिकॅपवाल्याला सूट मिळते आणि शिवाय त्याची पूर्ण मोजदादही होते. तो हरतो तसा खरोखर जिंकूही शकतो.

'हँडिकॅप' हा शब्द मुळात गोल्फचा नाहीच. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये वस्तूंच्या अदलाबदलीचा एक खेळ होता. दोन वस्तूंच्या किमतीतला फरक पंच ठरवायचा आणि खेळणारे टोपीत हात घालून आपला होकार-नकार कळवायचे. त्या 'हँड इन कॅप'चं पुढे हँडिकॅप झालं आणि तो शब्द घोड्यांच्या शर्यतीत गेला. मुंबईच्या महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर कधी गेला असाल तर तिथला प्रकार तुम्हाला माहीत असेल. आधी घोड्यांना रेटिंग देऊन त्यांचे वर्ग पाडतात आणि मग एकाच वर्गातल्या सरस घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात. गोल्फची व्यवस्था हुबेहूब अशीच दुहेरी आहे. वजन म्हणजे हँडिकॅप, वर्ग म्हणजे फ्लाइट. फरक एवढाच की गोल्फमध्ये बलवानाच्या पाठीवर ओझं देण्याऐवजी दुसऱ्याच्या खात्यातून फटके वजा करतात.

स्त्रियांच्या गोल्फने यात पुढाकार घेतला, हे मुद्दाम सांगायला हवं. १८९३ साली ब्रिटनमध्ये लेडीज गोल्फ युनियन स्थापन झाली आणि इसेट पिअरसन यांच्या पुढाकाराने तिने थोड्याच वर्षांत वेगवेगळ्या क्लबांना लागू होईल अशी हँडिकॅपची पद्धत बसवली. पुरुषांच्या क्लबांमध्ये तोवर प्रत्येकाचा आपापला मामला होता. अमेरिकन गोल्फ संघटनेची देशभरासाठीची पहिली पद्धत १९११ ची.

हा आकडा येतो कुठून?

२०२० पर्यंत जगात सहा निरनिराळ्या पद्धती होत्या. त्या वर्षापासून त्यांच्या जागी एकच जागतिक हँडिकॅप पद्धत आली. अमेरिकेतही तीच आणि भारतातही तीच. त्यामुळे पुण्याहून आलेला तुमचा मेहुणा आपला हँडिकॅप इंडेक्स घेऊन आपल्या स्पर्धेत खुशाल उतरू शकतो.

पद्धत अशी. तुम्ही शेवटचे जे २० राउंड खेळलात त्यांतले सर्वांत चांगले ८ घेतात आणि त्यांची सरासरी काढतात. (जुन्या खेळाडूंना २० पैकी १० आणि त्याच्या ९६ टक्के हा हिशेब आठवत असेल. तो आता इतिहासजमा झाला.) सुरुवातीला २० राउंड लागत नाहीत. मिळून ५४ होलचे स्कोअर नोंदवलेत की तुमच्या नावावर इंडेक्स लागतो. नऊ-नऊ होल खेळून भरलेत तरी चालतं. इंडेक्स जास्तीत जास्त ५४.० असू शकतो. २०२० च्या आधी अमेरिकेत ही मर्यादा पुरुषांना ३६.४ आणि स्त्रियांना ४०.४ होती. म्हणजे नवशिक्यांना आता बऱ्यापैकी जागा झाली आहे.

एखाद्या होलला पाण्यात तीन बॉल घालवून तुम्ही १२ फटके घेतलेत तर इंडेक्ससाठी ते सगळे धरत नाहीत. पार, अधिक दोन, अधिक त्या होलला तुम्हाला मिळणारी सूट, यापुढचे फटके हिशेबात सोडून देतात. एका वाईट होलने अख्ख्या वर्षाचा आकडा बिघडू नये म्हणून ही सोय आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण निम्मे वाद हिच्यावरूनच होतात. सर्वांत चांगल्या आठांची सरासरी म्हणजे तुमची नेहमीची सरासरी नव्हे. तुमच्या चांगल्या दिवशी तुम्ही काय करू शकता, ते हा आकडा सांगतो. नेहमीच्या दिवशी बहुतेक लोक आपल्या हँडिकॅपपेक्षा दोन ते चार फटके जास्तच घेतात. तेव्हा स्पर्धेत सूट वजा जाऊन ७५ आले तर "माझा हँडिकॅप चुकलाय" म्हणून आमच्याकडे येऊ नका. तो बरोबर असण्याचं ते लक्षण आहे!

मैदान बदललं की सूट बदलते

इंडेक्स तुमच्याबरोबर सगळीकडे येतो, पण सूट मैदानागणिक बदलते. प्रत्येक मैदानाच्या प्रत्येक टीला, म्हणजे जिथून पहिला फटका मारायचा त्या जागेला, दोन आकडे दिलेले असतात. पहिला कोर्स रेटिंग, म्हणजे शून्य हँडिकॅपच्या खेळाडूला तिथे साधारण किती फटके लागतील. दुसरा स्लोप. साध्या खेळाडूला ते मैदान चांगल्या खेळाडूच्या मानाने किती जास्त जाचक आहे ते स्लोप सांगतो. तो ५५ ते १५५ च्या दरम्यान असतो आणि ११३ हा प्रमाण धरलेला आहे. अमेरिकी नौदलातले अधिकारी डीन कनूथ यांच्या कामातून ही कल्पना पुढे आली आणि १९८० च्या दशकात ती देशभर रूढ झाली.

आता उदाहरण घेऊ. नावं आणि मैदान आम्ही कल्पनेतलेच धरले आहेत. देशपांडे काकांचा इंडेक्स १८.४. मैदानाचा पार ७२, मागच्या टीचं रेटिंग ७१.२ आणि स्लोप १२८. इंडेक्सला १२८ ने गुणायचं आणि ११३ ने भागायचं. आले २०.८. त्यात रेटिंग वजा पार, म्हणजे उणे ०.८ मिळवा. आले २०. म्हणजे काकांना २० फटक्यांची सूट. हेच काका पुढच्या टीवरून खेळले, जिथलं रेटिंग ६८.६ आणि स्लोप ११८ आहे, तर सूट येते १६. मैदान सोपं झालं, सूट कमी झाली. कुठूनही खेळा, तराजू समतोलच राहतो.

ही २० फटक्यांची सूट होलांवर वाटलेली असते. स्कोअरकार्डावर प्रत्येक होलपुढे १ ते १८ असा क्रम छापलेला असतो. काकांना प्रत्येक होलला एक फटका मिळाला, उरलेले दोन क्रमांक १ आणि २ च्या होलांना. बस, एवढंच.

स्पर्धेत एक पायरी आणखी असते. एकेकट्याने खेळायच्या स्पर्धेत या सुटीच्या ९५ टक्केच द्याव्यात अशी शिफारस आहे. म्हणून काकांना स्पर्धेत १९ मिळतात. पाच टक्के कुठे गेले, ते आता पुढच्या मुद्द्यात येतंच.

हँडिकॅप आहे ना, मग गट कशाला?

हा प्रश्न अगदी रास्त आहे. सूट देऊन सगळे एका पातळीवर आले असतील तर सगळ्यांची एकच यादी लावावी, फ्लाइटची भानगड हवी कशाला?

कारण सूट सरासरीची बरोबरी करते, चढउताराची करत नाही. उदाहरणातलाच रोहन घ्या, सूट ६. तो चांगल्या दिवशी ७६ खेळतो, वाईट दिवशी ८४. आणि जोशी वहिनी घ्या, सूट ३४. त्यांचा चांगला दिवस ९९ चा आणि वाईट दिवस १२० चा. रोहनचा खेळ आठ-दहा फटक्यांच्या पट्ट्यात फिरतो, वहिनींचा वीसच्या वर. आता दोघंच समोरासमोर खेळले तर बहुतेक वेळा रोहन जिंकेल, कारण तो आपल्या आकड्याच्या आसपास राहतो. पण साठ जणांची स्पर्धा असेल आणि त्यात वहिनींसारखे वीस जण असतील, तर त्या विसांतल्या कुणाचा तरी तो दिवस सोन्याचा निघणारच. ९८ वजा ३४ म्हणजे नेट ६४. रोहनला ६४ ची बरोबरी करायची तर ७० खेळायला हवं, म्हणजे पारपेक्षा दोन कमी. तसा दिवस त्याच्या आयुष्यात कदाचित येणारच नाही.

म्हणजे गंमत बघा. दोघांच्या सामन्यात मुरलेल्या खेळाडूचं पारडं थोडं जड, आणि मोठ्या स्पर्धेत नवख्यांच्या घोळक्याचं. ते ९५ टक्के याच कारणासाठी आहेत. मोठ्या सुटीतून जास्त फटके कापले जातात, छोट्या सुटीतून जवळजवळ काहीच नाही. पण तेवढ्याने पूर्ण भागत नाही. म्हणून गट पाडायचे. सारख्या चढउताराचे लोक एकमेकांशी खेळले की सोन्याच्या दिवसाची शक्यता सगळ्यांना सारखीच राहते.

बरं, केवळ ग्रॉसवर, म्हणजे सूट न धरता, बक्षिसं ठेवली तर? मग वर म्हटल्याप्रमाणे ढाली तिघांच्या घरी. केवळ नेटवर ठेवली तर वर्षभर सराव करणारा आपला सर्वांत चांगला खेळाडू रिकाम्या हाताने परत जातो. तोही अन्यायच. म्हणून आपण 'ए' फ्लाइटमध्ये ग्रॉस आणि नेट दोन्ही बक्षिसं ठेवतो आणि बाकीच्या फ्लाइट्समध्ये फक्त नेट. कुस्तीच्या आखाड्यात वजनगट का असतात हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. ५७ किलोचा पैलवान ९७ किलोच्या पैलवानाशी लढला नाही म्हणून तो कमी ठरत नाही. 'सी' फ्लाइटचं तसंच आहे. आणि तिथली ढाल तेवढीच जड असते, आम्ही स्वतः उचलून आणतो!

रेघ कुठे मारायची?

गट पाडायच्या मुख्य रीती तीन.

पहिली, ठरलेल्या मर्यादांची. समजा ९ पर्यंत 'ए', १० ते १८ 'बी', १९ च्या पुढे 'सी'. समजायला सोपी. पण आपल्यासारख्या मंडळात 'ए'मध्ये पाच जण आणि 'सी'मध्ये चाळीस अशी विषम वाटणी होते. पाचातून पहिलं येणं आणि चाळिसातून पहिलं येणं सारखं नाही.

दुसरी, समान संख्येची. सगळ्यांची नावं इंडेक्सप्रमाणे ओळीने लिहायची आणि यादीचे सारखे तीन किंवा चार तुकडे करायचे. आपण ही वापरतो. रेघ दोन सारख्या इंडेक्सच्या माणसांमधून जात असेल तर दोघांनाही एकाच गटात ठेवतो.

तिसरी, दरीची. यादीत कुठे मोठी उडी दिसते, उदाहरणार्थ १३ नंतर एकदम १७, तर तिथेच रेघ मारायची. दुसऱ्या रीतीने मारलेली रेघ एक-दोन नावं वर-खाली सरकवायला हिचा उपयोग होतो.

रेघ कुठेही मारली तरी काठावरच्या माणसाला वाटतंच की आपण चुकीच्या बाजूला पडलो. 'ए' फ्लाइटच्या शेपटाला राहण्यापेक्षा 'बी'च्या डोक्यावर बसणं कुणाला आवडणार नाही? म्हणून आम्ही एक तारीख आधी जाहीर करतो आणि त्या दिवशीचा इंडेक्स पक्का धरतो. स्कोअर नोंदवला की इंडेक्स दुसऱ्या दिवशी बदलतो, त्यामुळे तारीख ठरवली नाही तर स्पर्धेच्या सकाळपर्यंत यादी हलत राहील. फॉर्म भरताना सगळ्यांची नावं झाकून फक्त आकड्यांच्या यादीवर रेघ मारायची, हा आमचा नियम आहे. कोण कोणाचे साडू आहेत हे रेघेला कळता कामा नये.

बरोबरी झाली तर शेवटच्या नऊ होलांचा स्कोअर बघतात. तोही सारखा निघाला तर शेवटचे सहा, मग तीन, मग अठरावा होल.

वय, महिला आणि टी

"ज्येष्ठांसाठी वेगळी फ्लाइट का नाही?" हाही नेहमीचा प्रश्न. थोडा विचार केला तर उत्तर सापडतं. वयोमानाने बॉल कमी लांब जायला लागला की स्कोअर वाढतात आणि त्याबरोबर इंडेक्स आपोआप वाढतो. म्हणजे वयाची सूट त्या आकड्यात आधीच आलेली असते. तीच सूट वेगळ्या गटाच्या रूपाने परत दिली तर ती दोनदा दिल्यासारखी होईल. ग्रॉस स्कोअरच्या स्पर्धेत मात्र वयाचा गट हवाच. अमेरिकेच्या सीनियर ओपनला ५० वर्षं पूर्ण लागतात आणि सीनियर अमॅच्युअरला ५५, ते त्यासाठीच.

ज्येष्ठांना आमची विनंती अशी की पुढच्या टीवरून खेळायला लाजू नका. सूट त्याप्रमाणे कमी होते, त्यामुळे त्यात कुणाचं काही लुबाडल्यासारखं नाही. तुमचा दिवस मजेत जातो आणि मागच्या चौघांना ताटकळावं लागत नाही.

महिलांचंही तसंच. एकाच टीला पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी वेगवेगळं रेटिंग आणि वेगळा स्लोप असतो. सूट ज्याच्या त्याच्या रेटिंगने काढली की स्त्री-पुरुष एकाच फ्लाइटमध्ये, वेगवेगळ्या टीवरून, न्यायाने खेळू शकतात. २०२० च्या आधी अमेरिकेत यासाठी वेगळी दुरुस्ती करावी लागायची आणि ती हमखास राहून जायची. आता रेटिंग वजा पार हा भाग सूत्रातच आल्यामुळे तो घोळ मिटला. तेव्हा वहिनी, ताई, मावशी, "बायकांचा वेगळा गट आहे का?" असं विचारू नका. तुमचा गट तुमचा इंडेक्स ठरवेल.

ज्यांच्याकडे आकडाच नाही

मदतनिधीच्या स्पर्धेत वर्षातून एकदाच क्लब हातात धरणारे बरेच असतात. त्यांचा इंडेक्स कुठून आणायचा? यासाठी त्याच दिवशी हँडिकॅप काढायच्या काही युक्त्या आहेत.

सर्वांत सोपी 'सिस्टिम ३६'. पार किंवा त्याहून चांगल्या होलला २ गुण, एक फटका जास्त लागला तर १, त्याहून जास्त लागले तर ०. गुणांची बेरीज ३६ मधून वजा केली की तो तुमचा त्या दिवसाचा हँडिकॅप. समजा तुमचे गुण आले १०. हँडिकॅप २६. ग्रॉस १०१ असेल तर नेट ७५.

दुसरी 'पिओरिया'. समिती आधीच गुपचूप सहा होल निवडून पाकिटात बंद करते, बहुधा दोन छोटे, दोन मध्यम, दोन लांब. खेळ संपल्यावर पाकीट उघडायचं. त्या सहा होलांचे फटके तिप्पट करायचे, त्यातून मैदानाचा पार वजा करायचा आणि उरलेल्याचे ८० टक्के हा हँडिकॅप. कोणते होल ते कुणालाच माहीत नसल्यामुळे मुद्दाम वाईट खेळून फायदा नाही. नशिबाचा भाग मात्र आहे. ज्या होलांवर तुमचं वाटोळं झालं तेच पाकिटातून निघाले तर तुमची चांदी!

या युक्त्या गमतीच्या दिवसापुरत्या ठीक आहेत, इंडेक्सची सर त्यांना नाही. म्हणून इंडेक्स नसलेल्यांची आपण वेगळी फ्लाइट करतो. वर्षभर इमानदारीने स्कोअर नोंदवणाऱ्या माणसाने एका दिवसाच्या हिशेबापुढे हरू नये, एवढाच हेतू. नवशिक्यांना हवं तर आम्ही 'स्टेबलफर्ड' पद्धतीने गुण मोजून देतो. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांच्या या पद्धतीची स्पर्धा १९३२ मध्ये इंग्लंडच्या वॉलसी क्लबवर झाली. सूट धरून पार आला की २ गुण, एक जास्त तर १, एक कमी तर ३. फारच बिघडलं तर शून्य आणि बॉल उचलून पुढे चालू लागायचं. एका होलाने दिवस नासत नाही आणि खेळही वेळेत आटपतो.

चौघांचा संघ: भिडू वाटून घेणे

दुपारच्या स्क्रॅम्बलमध्ये हिशेब उलटा होतो. फ्लाइटमध्ये आपण सारख्यांना एकत्र आणतो, संघात वेगवेगळ्यांना. गल्ली क्रिकेटमध्ये दोन कप्तान आळीपाळीने भिडू मागून घ्यायचे, तसंच. इंडेक्सच्या यादीचे चार सारखे भाग करायचे आणि प्रत्येकातून एक-एक नाव चिठ्ठीने काढून संघ करायचा. म्हणजे प्रत्येक संघात एक मुरलेला, एक नवखा आणि दोन मधले.

स्क्रॅम्बलमध्ये चौघंही मारतात आणि सर्वांत चांगल्या बॉलच्या जागेवरून पुढचा फटका पुन्हा चौघं मारतात. संघाची सूट काढताना सर्वांत कमी सुटीच्या खेळाडूचे २५ टक्के, मग २०, १५ आणि १० अशी शिफारस आहे. सुटी ६, १६, २४ आणि ३५ असतील तर १.५, ३.२, ३.६ आणि ३.५, एकूण ११.८, म्हणजे संघाला १२ फटके. नवख्याचे दहाच टक्के का? कारण त्याचे बहुतेक फटके वापरलेच जात नाहीत. पण त्याने एक लांबचा पुट घातला की अख्खा संघ नाचतो. ते बघायला तरी या.

सगळी मदार खऱ्या आकड्यावर

एवढा सगळा हिशेब एका गोष्टीवर उभा आहे: तुम्ही दिलेला आकडा खरा हवा. चांगले स्कोअर नोंदवायचे नाहीत, वाईट तेवढे नोंदवायचे आणि फुगलेल्या इंडेक्सवर खालच्या फ्लाइटमध्ये शिरायचं, याला इथे 'सँडबॅगिंग' म्हणतात. आपल्याकडे याला सरळ लबाडी म्हणतात. उलटे लोकही असतात. मित्रांत मान राहावा म्हणून वाईट स्कोअर लपवून इंडेक्स कमी दाखवणारे. ते स्वतःचंच नुकसान करून घेतात, एवढाच काय तो फरक.

पद्धतीत थोडे लगाम आहेत. तुमच्या इंडेक्सच्या मानाने एखादा राउंड ७ किंवा अधिक फटक्यांनी चांगला झाला तर इंडेक्समधून आणखी एक फटका कापला जातो, १० किंवा अधिक असेल तर दोन. वर्षभरातल्या तुमच्या सर्वांत कमी इंडेक्सपेक्षा चालू इंडेक्स तीनने वाढला की पुढची वाढ निम्म्यानेच धरतात, आणि पाचच्या पुढे तो जाऊच देत नाहीत. पण हे लगाम नोंदवलेल्या स्कोअरला लागतात. न नोंदवलेला स्कोअर फक्त तुम्हाला आणि तुमच्या बरोबरच्या तिघांना माहीत असतो.

आणखी एक बाब. हौशी खेळाडूंच्या नियमांप्रमाणे हँडिकॅपच्या स्पर्धेत रोख बक्षीस घेता येत नाही. वस्तू किंवा व्हाउचर, तेही १,००० डॉलरच्या आतलं, चालतं. आपली बक्षिसं तर त्याच्या आसपासही नसतात. एका चहाच्या सेटसाठी कुणी इंडेक्स फुगवला असं होऊ नये. त्या फुगवलेल्या चार फटक्यांमुळे एखादा नवखा खेळाडू पुढच्या वर्षी आला नाही तर त्याची फी, त्याने आणलेले दोन मित्र आणि त्यांच्या देणग्या, असं सगळंच जातं.

तेव्हा आमची तीन मागणी. एक, ठरलेल्या तारखेआधी वर्षभरातले सगळे स्कोअर नोंदवा, चांगले आणि वाईट दोन्ही. दोन, इंडेक्स नसेल तर फॉर्मवर तसं स्पष्ट लिहा, अंदाजाने आकडा टाकू नका. तीन, गटाबद्दल शंका असेल तर यादी लागल्याबरोबर विचारा, बक्षीस समारंभात नको. आम्ही गणित मांडून दाखवू, आणि आमचं चुकलेलं निघालं तर तुमच्या देखतच नाव हलवू.

आणि हळू आवाजात तिसरा प्रश्न विचारणाऱ्या सगळ्यांना: फी भरून हरायचंच का? तुमच्या फ्लाइटमधले सगळे तुमच्यासारखेच झाडीत बॉल शोधणार आहेत. त्यांच्यातून कुणीतरी पहिलं येणारच. ते तुम्ही का नसावं?

फॉर्म या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर आहे. आजच भरून द्या. चला तर मग, भेटू या पहिल्या टीवर!